आधी भिंत मोजा, मग स्कोपचं रीळ घ्या

घरी प्रोजेक्टरवर पिक्चर लावायला सोळा एमएमची प्रिंट, म्हणजे पिक्चरचं फिल्मचं रीळ, घेताना पहिला प्रश्न येतो तो स्कोप घ्यायची (रुंद चित्र आडवं दाबून छापलेली, जादाची स्कोप लेन्स लावून परत पसरवायची) का साधी फ्लॅट (न दाबता छापलेली), आणि नवीन माणूस हमखास स्कोपच्या मागं लागतो कारण मोठा पडदा म्हटलं की डोळ्यासमोर टॉकीजच येतं. पण बाबांनो, टॉकीजची भिंत आणि आपल्या हॉलची भिंत यात फरक आहे. एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला दार, मधे मोकळी राहते सहा फूट. त्यामुळं आधी टेप काढा.

हिशोब सोपा आहे. प्रोजेक्टर मशीनच्या गेटची, म्हणजे रीळ जिथून उजेडासमोरून सरकतं तिथली, खिडकी साधारण 9.65 एमएम रुंद असते, म्हणून मशीनपासून भिंतीपर्यंतचं अंतर गुणिले 9.65 आणि भागिले लेन्सवरचा एमएमचा आकडा, आली चित्राची रुंदी. 15 फुटावर 50 एमएमची लेन्स लावली तर फ्लॅट चित्र जेमतेम तीन फूट रुंद आणि सव्वादोन फूट उंच पडतं. त्याच लेन्सपुढं स्कोप लेन्स लावली की रुंदी डबल, म्हणजे सहा फूट, पण उंची तेवढीच सव्वादोन. भिंत भरली. आणि उजेड तेवढाच असून दुप्पट जागेत पसरतो, म्हणजे चित्र निम्म्यानं मंद, जुना बल्ब असेल तर रात्रीचा सीन दिसायचाच नाही. उलट 25 एमएमची लेन्स घेऊन फ्लॅट लावलं तर त्याच जागेवरून सहा बाय साडेचार फूट मिळतं. छोट्या हॉलमध्ये स्कोपपेक्षा फ्लॅट मोठं दिसतं ते असं.

मग स्कोप घ्यायचंच नाही का? तसं नाही, पिक्चर शूट कसा झालाय ते बघा. सिनेमास्कोप, म्हणजे हेच स्कोप, आलं 1953 मध्ये, आपल्याकडं हिंदीत 1959 ला 'कागज के फूल'पासून. त्याआधीचं जे काही आहे, 1929 ला इथंच कोल्हापुरात सुरू झालेल्या प्रभातचे बोलपट धरून, ते जवळजवळ चौकोनी फ्रेममध्येच घेतलेलं, तिथं वाइडस्क्रीन प्रिंट शोधण्यात काही अर्थच नाही. पण स्कोपमध्ये शूट झालेल्या पिक्चरची फ्लॅट प्रिंट घेतली तर चित्राचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग कापलेला असतो, दोघं जण फ्रेमच्या दोन टोकांना बसून बोलत असतील तर एकाचं नाक तेवढं दिसतं नि मधला टेबल पूर्ण दिसतो. अशा पिक्चरला माझं मत स्पष्ट आहे, चित्र लहान झालं तरी चालेल पण स्कोपच घ्या.

तिसरा प्रकार 1.85 चा, म्हणजे उंचीच्या 1.85 पट रुंद चित्राचा, वर-खाली झाकून दाखवायचा. याच्या फ्लॅट प्रिंटमध्ये कधी कधी उलट जास्तच दिसतं, डोक्यावर माइक लोंबताना सापडतो. त्यावर उपाय म्हणजे पडद्याच्या वर-खाली काळं कापड, बाकी काही नाही.

विकणारा काय सांगतो त्यावर जाऊ नका, रिळाची सुरवातीची बिनचित्राची पट्टी उलगडून चित्र लागेल तिथं उजेडाला धरा. माणसं बांबूसारखी उंच-बारीक आणि गाडीची चाकं अंडाकृती दिसली की स्कोप. चाक गोल असेल तर फ्लॅट. तेवढ्यात नाकही लावा, व्हिनेगरचा वास आला तर प्रिंट सडायला लागलीय, आणि सगळं गुलाबी दिसलं तर रंग उडालाय, मग स्कोप असो का फ्लॅट, किंमत पाडूनच मागा.

स्कोप लेन्स बसवताना ती मूळ लेन्सच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्या, नाहीतर कोपरे काळे होतात. ब्रॅकेट बाजारात शोधत बसू नका, इथं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाल्याला लेन्स दाखवली की माप घेऊन करून देतो, फक्त स्क्रू असा ठेवायला सांगा की लेन्स थोडी फिरवता येईल. मग रीळ न घालता मशीन चालू करून रिकामी चौकट पडद्यावर पाडा, मूळ लेन्सनं कडा शार्प करा, मग स्कोप लेन्सचं फोकस, आणि ती हळूहळू फिरवत राहा, चौकट पतंगासारखी तिरकी दिसत होती ती चारी बाजूंनी सरळ उभी राहिली की तिथंच स्क्रू आवळा.