‘एका स्त्रीचा पती’: वडीलपदाच्या उमेदवाराची पारख कशी करावी

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वडीलपदासाठी (मंडळीची देखरेख करणाऱ्या पदासाठी) भरून द्यायच्या अर्जात पत्नीचे नाव लिहिण्यासाठी एकच ओळ असते. काही वर्षांपूर्वी पेठ तालुक्यातून आलेल्या एका शेतकऱ्याने त्या ओळीवर पेन टेकवून “कोणाचं लिहू?” असे विचारले, तेव्हा टेबलाभोवतीचे आम्ही पाचही जण गप्प झालो. त्याच्या दोघी बायका बाहेर ओट्यावर एकाच डब्यातली भाकरी खात बसल्या होत्या. तो बाप्तिस्मा आणि पाड्यावरच्या प्रार्थनासभेचे वडीलपण, दोन्ही एकदमच मागायला आला होता. नाशिकच्या आदिवासी तालुक्यांशी संबंध असलेल्या मंडळ्यांपुढे हा प्रश्न येऊ शकतो, कारण १९५५ चा हिंदू विवाह कायदा केंद्राच्या अधिसूचनेशिवाय अनुसूचित जमातींना लागू होत नाही आणि रूढीला मान्य असेल तेथे दुसरे लग्न चारचौघांत झालेले असते.

अशा वेळी कमिटीने आधी दोन प्रश्न वेगळे करावेत: या माणसाला बाप्तिस्मा द्यावा का, आणि त्याला वडील नेमावे का. अँग्लिकन बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेने १८८८ साली, म्हणजे आपल्या नाशिकच्या शरणपूरची ख्रिस्ती वसाहत उभी राहून तीसेक वर्षे झाल्यावर, अनेक बायका असलेल्या पुरुषाला बाप्तिस्मा न देता केवळ शिक्षणाखाली ठेवावे असे ठरवले. बायकांना मात्र काही प्रसंगी बाप्तिस्म्याची मुभा ठेवली. बरोबर शंभर वर्षांनी, १९८८ मध्ये, त्याच परिषदेने अशा पुरुषाला बायकामुलांसह बाप्तिस्मा देण्यास मान्यता दिली. त्यासाठी स्थानिक मंडळीची संमती हवी, आणि आहेत त्या बायकांपैकी एकही हयात असेपर्यंत पुन्हा लग्न करणार नाही असे त्याचे वचन हवे. बायकांची आबाळ होईल म्हणून त्यांना टाकण्याची सक्ती करू नये, असेही त्यात म्हटले आहे. हा ठराव प्रवेशाविषयी आहे, पदाविषयी नाही, हे बैठकीत स्पष्ट सांगावे.

जुन्या करारातील राजांची उदाहरणे पुढे करणारा कोणीतरी बैठकीत असतोच. त्याच्याशी वाद न घालता पाने उघडून द्यावीत. दोन बायका करणारा पहिला पुरुष लामेख हा खुनाची बढाई मारणारा आहे (उत्पत्ती ४), हन्नाला तिची सवत रडवते (१ शमुवेल १), आणि शलमोनाच्या सातशे राण्या व तीनशे उपपत्नी त्याचे मन फिरवतात (१ राजे ११). प्रभू येशू मत्तय १९ मध्ये या सगळ्याच्या मागे जाऊन उत्पत्तीतील ‘ती दोघे एकदेह होतील’ या शब्दांवर बोट ठेवतो.

खरा कस लागतो तो नव्या करारातील पौलाच्या पत्रांत, १ तीमथ्य ३:२, ३:१२ आणि तीत १:६ मध्ये, मंडळीतील पदांसाठी घातलेल्या ‘एका स्त्रीचा पती’ या अटीच्या शब्दांवर. ते केवळ बहुपत्नीकत्वाविरुद्ध आहेत असे म्हणताच १ तीमथ्य ५:९ आडवे येते. तेथे मंडळीच्या यादीत घ्यायच्या विधवेबद्दल ‘एका पुरुषाची पत्नी’ असा तोच साचा आहे, आणि एका बाईने अनेक नवरे करण्याची रीत त्या समाजात नव्हती. टर्टुलियनसारख्या प्राचीन ख्रिस्ती लेखकांनी ‘जन्मात एकच लग्न’ असा अर्थ घेतला. पण त्याच अध्यायात, ५:१४ मध्ये, पौल तरुण विधवांना पुन्हा लग्न करायला सांगतो, म्हणजे त्याचे ऐकणारी बाई पुढे त्याच्याच यादीतून बाद व्हायची. म्हणून मला तरी ‘बायकोशी एकनिष्ठ’ हाच अर्थ पटतो. दोन बायकांचा नवरा त्यात बसत नाही, बिजवर बसतो, आणि लग्न एकच असूनही बाहेर दुसरे घर चालवणारा मुळीच बसत नाही. या तिसऱ्याची चौकशी करायला मात्र कमिट्या लाजतात.

कागदपत्रांत विवाह नोंदवहीचा उतारा मागावा. ख्रिस्ती विवाह मोडल्याचे सांगणाऱ्याने नोटरीचा फारकतनामा आणला तर तो चालत नाही; १८६९ च्या घटस्फोट कायद्याखालील न्यायालयाचा हुकूमनामाच लागतो. बाप्तिस्म्यानंतर कोणी दुसरे लग्न करू पाहत असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, याची त्याला आधीच जाणीव द्यावी.

बायकांशी बोलणे स्त्री मंडळातील वडीलधाऱ्या बाईने नवऱ्याच्या माघारी करावे, आणि शेत कोण कसते, रेशनकार्डावर कोणाची नावे आहेत, मुले कोणाजवळ असतात, हे साध्या शब्दांत विचारावे. आमच्या त्या शेतकऱ्याने, पद मिळत असेल तर धाकटीला माहेरी धाडतो, अशी तयारी दाखवली होती. धाकटी म्हणाली, “माहेरी कोण आहे? भाताची लावणी तर मीच करते.” पदासाठी बायको टाकण्याची अशी तयारी दिसली की ती नकाराचे आणखी एक कारण समजावी, त्यागाचा पुरावा नव्हे.

इतिवृत्तात दोन्ही निर्णय दोन स्वतंत्र ठरावांत लिहावेत, म्हणजे पुढची कमिटी एकाचा आधार दुसऱ्याला लावणार नाही. आम्ही वडीलपदाचा अर्ज कोराच परत घेतला आणि पाड्यावर भजन सांगण्याचे काम त्याच्याकडेच ठेवले. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत त्या दोघींची नावे वेगवेगळ्या ओळींवर, प्रत्येकीच्या आईवडिलांच्या नावांसह लिहिली.