रोगनियंत्रणासाठी आलेल्या परदेशी मदतीची बातमी वाचायची कशी

"अमुक देशाने मलेरियासाठी इतके कोटी डॉलर दिले" अशी बातमी आली की लोक दोनातलं एक काहीतरी करतात, एकतर वा वा म्हणतात नाहीतर "सगळं वरच्यावर खाल्लं जातं" म्हणून पुढे स्क्रोल करतात. मी स्वतः बरीच वर्षं दुसऱ्या गटात होतो. मग हळूहळू कळलं की आकडा जाहीर होणं आणि गोळी कुणाच्या तरी तोंडात जाणं ह्याच्यामध्ये पाच-सहा टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यावर विचारायचा प्रश्न वेगळा असतो. कुणाला प्रोजेक्टसाठी, बातमीसाठी किंवा स्वतः देणगी द्यायच्या आधी उपयोग होईल म्हणून लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी क्रियापद बघा. खरंच, आकड्याच्याही आधी. "जाहीर केले", "करार केला" आणि "दिले" ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हेडलाइनमध्ये तिन्हींचं "दिले" होतं. एड्स, टीबी आणि मलेरियासाठी २००२ पासून चालणारा ग्लोबल फंड घ्या. तो साधारण दर तीन वर्षांनी देशांपुढे झोळी पसरतो. २०२२ मध्ये न्यूयॉर्कला किमान १८ अब्ज डॉलर मागितले होते, आश्वासनं मिळाली १५.७ अब्जांची. आता हा आकडा डोळे दिपवणारा वाटतो, पण तो तीन वर्षांचा आहे, तीन रोगांचा आहे आणि शंभरहून जास्त देशांमध्ये वाटला जाणारा आहे, म्हणजे आधी भागाकार करा आणि मग दिपून जा. आणि करार झाला म्हणजे पैसे हातात आले असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी गोठवली तेव्हा आधीच मंजूर झालेली, चालू असलेली कामंसुद्धा थांबली, आणि १ जुलै २०२५ ला यूएसएड ह्या अमेरिकेच्या परदेशी मदत देणाऱ्या संस्थेचं उरलेलं काम परराष्ट्र खात्याकडे गेलं. ज्यांना रोज एचआयव्हीच्या गोळ्या घ्याव्या लागतात त्यांना ९० दिवस थांबून चालत नाही.

मग पैसा कुठल्या रस्त्याने चाललाय ते शोधा. काही मदत देशाकडून थेट येते, २००३ मध्ये अमेरिकेच्या बुश सरकारने सुरू केलेला पेपफार हा एड्सचा कार्यक्रम त्यातला सगळ्यात मोठा. काही ग्लोबल फंड, गावी (Gavi, गरीब देशांना लसी पुरवणारी संस्था), जागतिक आरोग्य संघटना असल्या सामाईक संस्थांमार्फत येते. आरोग्य संघटनेच्या बाबतीत एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. तिच्या बजेटमध्ये सदस्य देशांच्या ठरलेल्या वर्गणीचा वाटा बरीच वर्षं पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी होता, बाकीचे ऐच्छिक, आणि त्यातलेही बरेचसे "ह्याच कामाला वापरा" अशी चिठ्ठी लावून आलेले. पोलिओच्या चिठ्ठीचे पैसे उचलून कॉलऱ्याला लावता येत नाहीत. त्यामुळे संघटनेने अमक्या साथीत काहीच केलं नाही म्हणून शिव्या घालायच्या आधी तिच्या हातात मोकळे पैसे किती होते ते बघा.

ग्लोबल फंडची गंमत अजून वेगळी, त्यांची देशोदेशी ऑफिसंच नाहीत. त्या त्या देशात एक समिती असते, त्यात सरकार, संस्था आणि खुद्द त्या रोगाने ग्रासलेले लोकही असतात, ती अर्ज करते. पैसे घेऊन सांभाळणारा मुख्य प्राप्तकर्ता वेगळा (सरकारी खातं किंवा एखादी संस्था) आणि फंडाच्या वतीने तपासणी करणारा एजंट वेगळा. वर फंडाचा स्वतंत्र महानिरीक्षक आहे आणि त्याचे ऑडिट रिपोर्ट कुणालाही वाचायला खुले असतात. हे रिपोर्ट जरूर वाचा, पण एक सांगतो, चोरी सापडलेला रिपोर्ट बघून लगेच "बघा मी म्हणत होतो ना" करू नका. जिथे कधीच काही सापडत नाही तिथे कुणी बघतच नाहीये ही शक्यता जास्त, मला तरी त्याच जागांची जास्त भीती वाटते.

आता वस्तूवर या. काय पाठवलं आणि त्यावरची तारीख काय. कोव्हॅक्सने (गरीब देशांपर्यंत कोविडची लस पोचवायची जागतिक योजना) २०२१ संपेपर्यंत दोन अब्ज कोविड डोस पोचवायचं ठरवलं होतं, प्रत्यक्षात एक अब्जावा डोस जानेवारी २०२२ च्या मध्यावर पोचला. बरं, जे येत होते ते कसे, तर एकट्या डिसेंबर २०२१ मध्ये गरीब देशांना दहा कोटींहून जास्त डोस नाकारावे लागले आणि मुख्य कारण एक्स्पायरी अगदी तोंडावर आलेली. नायजेरियाने त्याच महिन्यात दहा लाखांहून जास्त डोस नष्ट केले. कपाटातली संपत आलेली औषधं शेजाऱ्याला देऊन पुण्य कमवायचा प्रकार हा, आणि देणाऱ्याच्या हिशोबात मात्र तो डोस "दिला" म्हणून लागतो. म्हणून नुसती संख्या बघू नका, उरलेली मुदत किती, फ्रिज आहेत का, सिरिंज आल्या का, टोचणाऱ्या नर्सचा पगार कोण देतंय हेही विचारा. इबोलाची एर्व्हेबो लस उणे ६० ते उणे ८० डिग्रीत ठेवावी लागते, तिच्यासोबत तसा फ्रीजर आणि वीज गेली तर जनरेटर नसेल तर ती लस कागदावरच राहणार.

वेळेचं तर विचारूच नका. लायबेरियात २०१४ च्या सप्टेंबरच्या सुमारास इबोला शिगेला होता, अमेरिकेने सैन्य पाठवून ११ उपचार केंद्रं बांधली, पण ती उभी राहीपर्यंत साथ ओसरत आली होती. अकरा केंद्रांत मिळून इबोलाचे फक्त २८ पेशंट आले, नऊ केंद्रांत तर एकही नाही. तोपर्यंत सुरक्षित दफन आणि गावकऱ्यांनी स्वतः ठेवलेली पाळत ह्यांनी बरंचसं काम केलेलं होतं. दुसरं उदाहरण जागतिक बँकेच्या साथ-विम्याचं, म्हणजे साथ आली की गरीब देशांना पैसे मिळावेत म्हणून काढलेल्या विम्याचं. काँगोत २०१८ पासून इबोलाने २,२०० हून जास्त माणसं गेली तरी त्या विम्याचे पैसे सुटले नाहीत, का तर रोगाने सीमा ओलांडून दुसऱ्या देशातही ठरावीक बळी घ्यायला हवे होते! कोविडच्या वेळी सुटले ते एप्रिल २०२० च्या अखेरीस, साधारण १९.६ कोटी डॉलर, आणि तेही ६४ देशांत वाटून. तर आणीबाणीच्या मदतीची बातमी असेल तर पैसे नक्की कुठल्या अटीवर सुटतात ते शोधा, ती अट बहुतेक वेळा बारीक अक्षरात असते.

फुकट द्यावं की थोडी किंमत लावावी हा वाद तुमच्यापुढे येईलच, "फुकटची किंमत नसते" म्हणणारे सगळीकडे असतात. केनियात गरोदर बायकांना मच्छरदाण्या देताना ह्याचा नीट प्रयोग झालाय. फुकटऐवजी ६० सेंट किंमत लावली तर घेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्के पॉइंटने पडलं, आणि ज्यांनी पैसे मोजले त्यांनी ती जास्त वापरली असंही दिसलं नाही. पुढच्या वेळी कुणी वाद घातला तर हे सांगा.

त्यानंतरचा प्रश्न माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आणि बातमीत कधीच नसतो, देशाचे स्वतःचे पैसे किती. लसी पुरवणारी गावी अगदी गरीब देशांनाही डोसमागे २० सेंट भरायला लावते, उत्पन्न वाढत जातं तसा वाटा वाढतो आणि शेवटी गावी बाहेर पडते. ऐकायला कठोर वाटतं पण मला ते पटतं, कारण बाहेरचा माणूस कधीतरी जाणार हे आधीपासून ठरलेलं असतं. देवीच्या निर्मूलनाची आपण जागतिक मोहीम म्हणून गोष्ट सांगतो, पण १९६७ ते १९७९ मधल्या साधारण ३० कोटी डॉलर खर्चापैकी बाहेरून आलेले जेमतेम एक तृतीयांश होते, बाकी रोग असलेल्या देशांनीच घातले. उलटंही घडतं, एड्ससाठी बाहेरून पैसे आले की अर्थमंत्री आपले स्वतःचे पैसे हळूच दुसरीकडे वळवतो. २००१ मध्ये नायजेरियातल्या अबुजात आफ्रिकी देशांनी बजेटचे १५ टक्के आरोग्यावर खर्च करायचं कबूल केलं होतं, ते पाळणारे थोडेच निघाले. म्हणून त्या देशाच्या आरोग्य बजेटची मागची चार-पाच वर्षं शेजारी मांडून बघा.

"इतके जीव वाचले" हे आकडे मॉडेलने काढलेले अंदाज असतात, खोटे नसतात पण "कशाच्या तुलनेत" हे विचारावं लागतं. शक्य तिथे मोजता येणारी गोष्ट धरा. नारूचे (पिण्याच्या पाण्यातून होणारा कृमीचा रोग) पेशंट १९८६ मध्ये जगात साधारण ३५ लाख होते, २०२४ मध्ये फक्त १५ जण. ह्या रोगावर लस नाही, औषध नाही, गाळणीचं कापड, पाण्यात टाकायचं अळीनाशक आणि गावोगावचे स्वयंसेवक एवढ्यावर हे झालं.

शोधायला सुरुवात ग्लोबल फंडच्या साइटवरून करा, तिथे देश निवडला की कराराचा आकडा आणि प्रत्यक्ष दिलेला आकडा दोन्ही बघता येतात. श्रीमंत देशांच्या मदतीचा हिशोब ओईसीडी ह्या त्यांच्याच संघटनेच्या डेटाबेसमध्ये असतो, फक्त सविस्तर माहिती वर्ष-दीड वर्ष मागे चालते, त्यामुळे कालच्या बातमीचा खरेखोटेपणा तपासायला तिथे गेलात तर हात हलवत परत याल, बातमी कुठेतरी सेव्ह करून ठेवा आणि दोन वर्षांनी परत जा.