सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी बँक: बसवणी, चार्जिंग आणि देखभाल

यूपीएस, टेलिकॉम कॅबिनेट किंवा इमर्जन्सी दिव्यांसाठी एका जागी बसवलेल्या सीलबंद बॅटऱ्यांवर ‘मेंटेनन्स-फ्री’ असे छापलेले असते. त्याचा अर्थ एवढाच, की त्यांत पाणी घालायचे नसते. आतले अ‍ॅसिड काचेच्या तंतूंच्या जाळीत शोषलेले (एजीएम) किंवा जेलच्या रूपात घट्ट केलेले असते. चार्जिंगच्या वेळी धन पट्ट्यांवर निघणारा ऑक्सिजन ऋण पट्ट्यांवर पोहोचतो आणि त्याचे पुन्हा पाणी होते. वायू गरजेपेक्षा जास्त झाला, तर दाबाने झडप उघडते आणि तो बाहेर पडतो. त्याबरोबर गेलेले पाणी परत घालता येत नाही. म्हणून हे पाणी उडू न देणे हीच या बॅटरीची खरी देखभाल. त्यासाठी व्होल्टेज आणि तापमान या दोन गोष्टींवर सतत लक्ष हवे.

जागा

20 ते 25 अंश सेल्सिअस तापमान सर्वांत चांगले. त्यापुढे दर 8 ते 10 अंशांना आयुष्य साधारण निम्मे होते. 25 अंशांना दहा वर्षे टिकणारी बॅटरी 35 अंशांच्या खोलीत चार-पाच वर्षांतच संपते. उन्हाची खिडकी आणि यूपीएसच्या पंख्याचा गरम झोत टाळा. दोन बॅटऱ्यांमध्ये किमान 10 मिलिमीटर फट ठेवा. रॅक भरगच्च दिसावा म्हणून त्या एकमेकींना चिकटवल्या, की मधल्या बॅटऱ्या सर्वांत आधी तापतात आणि त्याच आधी मरतात.

वजनाचा अंदाज आधी घ्या. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची (हे क्षमतेचे माप) एक बॅटरी 30 किलोच्या आसपास असते. ती दोघांनी उचलावी. टर्मिनलला धरून कधीही उचलू नये. उलटी बसवू नये.

हवा खेळती हवी, कारण सीलबंद बॅटरीतूनही थोडा हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण 4 टक्के झाले, की ठिणगी पुरते. हिशेब सोपा आहे: सेलची संख्या × अँपिअर-तास × 0.0004 म्हणजे बूस्ट चार्जिंगला (जास्त व्होल्टेजने थोडा वेळ केलेले चार्जिंग) ताशी लागणारी ताजी हवा, घनमीटरमध्ये. 48 व्होल्टच्या 100 अँपिअर-तास बँकेत (एकत्र जोडलेल्या बॅटऱ्यांच्या संचात) 2 व्होल्टचे 24 सेल असतात, म्हणून ताशी 0.96 घनमीटर. नैसर्गिक वायुवीजनासाठी या आकड्याला 28 ने गुणले, की झरोक्याचे क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये मिळते. इथे ते साधारण 27 येते. असे दोन झरोके हवेत, एक खाली आणि एक छताजवळ. फ्लोटवर (बॅटरी भरलेली राहावी म्हणून सतत दिलेले कमी व्होल्टेज) याच्या आठव्या हिश्शाइतकी हवा पुरते, पण झरोका बूस्टच्या हिशेबानेच ठेवा. हवाबंद पेटीत बॅटरी कधीही बसवू नका.

जोडणी

अंगठी, घड्याळ, कडे काढून ठेवा. डोळ्यांना चष्मा, हातांत रबरी मोजे, पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन. बॅटरीला बंद करायचा खटका नसतो. 100 अँपिअर-तासांची बॅटरी शॉर्ट झाली, तर प्रवाह हजारो अँपिअरमध्ये जातो आणि पाना टर्मिनलला वितळून चिकटतो. 60 व्होल्टच्या वरच्या बँकेत विजेच्या धक्क्याचाही धोका आहे. अशी बँक कमी व्होल्टेजच्या गटांत जोडून घ्या आणि गटांमधले दुवे सर्वांत शेवटी लावा.

जोडण्याआधी प्रत्येक बॅटरीचे व्होल्टेज मोजून लिहून ठेवा. पूर्ण चार्ज बॅटरी मोकळी असताना 12.8 ते 12.9 व्होल्ट दाखवते. 12.5 च्या खाली असलेली आधी स्वतंत्र चार्ज करा. एका ओळीत (एकीपाठोपाठ एक जोडलेल्या बॅटऱ्यांत) एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, शक्यतो एकाच तारखेच्या बॅटऱ्या हव्यात. जुन्या-नव्या एकत्र केल्या, तर सगळ्यांतून प्रवाह एकच वाहतो, पण व्होल्टेज सारखे वाटले जात नाही. मग एक उपाशी राहते, दुसरी उकळते.

टर्मिनल व लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) स्वच्छ पुसा आणि बोल्ट टॉर्क पान्याने घट्ट करा. किती टॉर्क द्यायचा ते उत्पादकाच्या माहितीपत्रकात असते. सैल बोल्ट भार आला की तापतो. जास्त आवळलेल्या बोल्टने मऊ शिशाचे टर्मिनल फिरते आणि सील फुटते. दोन्हींत आगीचा किंवा गळतीचा धोका आहे, म्हणून हाताच्या अंदाजावर जाऊ नका.

दोन ओळी समांतर जोडताना दोन्हींच्या केबलची लांबी आणि जाडी सारखी ठेवा. चारपेक्षा जास्त ओळी टाळा. प्रत्येक ओळीला डीसीसाठी बनवलेला फ्यूज, बॅटरीच्या शक्य तितका जवळ. एसीचा फ्यूज डीसीचा आर्क (पेटत राहणारी ठिणगी) विझवेलच असे नाही. चार्जरला शेवटची जोडणी करण्यापूर्वी चार्जर बंद आहे, ध्रुव बरोबर आहेत आणि एकूण व्होल्टेज अपेक्षेइतके आहे, हे मीटरने तपासा.

चार्जिंग

फ्लोट व्होल्टेज 25 अंशांना प्रति सेल 2.25 ते 2.30 असते, म्हणजे 12 व्होल्टच्या बॅटरीला 13.5 ते 13.8. नेमका आकडा उत्पादकाचाच पाळा. तापमान 25 च्या वर गेले, की दर अंशाला प्रति सेल सुमारे 3 मिलिव्होल्ट कमी करायचे. थंडीत तितकेच वाढवायचे. 24 सेलच्या बँकेला 25 अंशांना 54.5 व्होल्ट देत असाल, तर 35 अंशांना 53.8 द्यायला हवेत. चार्जरला तापमान सेन्सर असेल, तर त्याचे टोक बॅटरीच्या अंगाला चिकटवा, खोलीच्या भिंतीला नाही. व्होल्टेजही बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा. चार्जरच्या पडद्यावरचा आकडा केबलमधली घट दाखवत नाही.

चार्जिंगचा प्रवाह क्षमतेच्या 10 ते 20 टक्के ठेवा: 100 अँपिअर-तासांना 10 ते 20 अँपिअर. बूस्ट प्रति सेल 2.35 ते 2.40 व्होल्टपर्यंत आणि वेळ मर्यादित ठेवूनच. सवयीने दर आठवड्याला बूस्ट देणे म्हणजे स्वतःच्या हाताने पाणी उडवणे. उलट, फ्लोट कमी पडला किंवा रिकामी बॅटरी तशीच राहिली, तर पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात. म्हणून डिस्चार्ज झाल्यावर 24 तासांच्या आत चार्जिंग सुरू करा आणि दहा तासांच्या डिस्चार्जमध्ये 12 व्होल्टची बॅटरी 10.5 च्या खाली उतरू देऊ नका.

सर्वांत धोकादायक बिघाड म्हणजे तापत जाण्याचे दुष्टचक्र, थर्मल रनअवे. बॅटरी तापते, तापल्याने त्याच व्होल्टेजवर जास्त प्रवाह ओढते, त्या प्रवाहाने आणखी तापते. शेवटी खोके फुगते आणि झडपेतून वायू सुटतो. सुरुवात क्लॅम्प मीटरने पकडता येते: पूर्ण चार्ज एजीएम बॅटरी फ्लोटवर 100 अँपिअर-तासांना साधारण 100 मिलिअँपिअर किंवा त्याहून कमी घेते. व्होल्टेज तेच असताना हा आकडा महिन्यामहिन्याने चढत असेल, तर वाट पाहू नका. बॅटरी गरम किंवा फुगलेली दिसली, किंवा सडक्या अंड्यांसारखा वास आला, तर चार्जर आधी बंद करा आणि खोलीत हवा येऊ द्या. बॅटरी गार होईपर्यंत हात लावू नका. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही.

नियमित तपासणी

महिन्यातून एकदा एकूण फ्लोट व्होल्टेज, फ्लोट प्रवाह, खोलीचे तापमान आणि नजरेची तपासणी: फुगवटा, तडा, टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर. तीन महिन्यांनी प्रत्येक बॅटरीचे वेगळे व्होल्टेज आणि अंतर्गत रोध. एकूण आकडा बरोबर असूनही ओळीतली एक बॅटरी 12.9 वर आणि दुसरी 14.3 वर असू शकते. नव्या बँकेत पहिले काही महिने थोडा फरक राहतो. तो हळूहळू कमी व्हायला हवा. रोध सुरुवातीच्या नोंदीपेक्षा 30 टक्क्यांनी वाढला, की ती बॅटरी संशयित. त्यासाठी बँक नवी असतानाची नोंद हवी आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी कुणी घेतलेली नसते.

शेवटचा निवाडा डिस्चार्ज चाचणीचा. दहा तासांच्या हिशेबाने 100 अँपिअर-तास असलेल्या बॅटरीला 10 अँपिअरचा भार द्या. 10.5 व्होल्टला ती आठ तासांच्या आत पोहोचली, तर क्षमता 80 टक्क्यांखाली आली आहे. त्यापुढे ऱ्हास झपाट्याने होतो, म्हणून बदलण्याची वेळ हीच.

पुसायला पाण्यात भिजवून पिळलेले सुती फडके वापरा. कोरडे फडके किंवा पिसांचा झाडू स्थिर वीज निर्माण करतो, तर सॉल्व्हंटने प्लास्टिकच्या खोक्याला तडे जातात. गळती झाली, तर एक लिटर पाण्यात 100 ग्रॅम खायचा सोडा विरघळवून त्यावर ओता. अ‍ॅसिड डोळ्यांत गेले, तर किमान 15 मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा आणि थेट डॉक्टरकडे जा.

साठवलेल्या बॅटऱ्यांना 25 अंशांपर्यंत दर सहा महिन्यांनी चार्ज द्या, त्याहून उष्ण जागी दर तीन महिन्यांनी. काढलेल्या बॅटऱ्यांच्या टर्मिनलवर टेप चिकटवा, त्या उभ्याच ठेवा आणि शिसे गाळणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या. तडा गेलेली असेल, तर जाड प्लास्टिकच्या घमेल्यात ठेवून पाठवा.