नगरपरिषदेला अपक्ष उभं राहायचंय? यादीपासून बटणापर्यंत

अपक्षाच्या हातात चिन्ह फार उशिरा पडतं. २०२५ च्या नगरपरिषद निवडणुकीचं वेळापत्रक बघा : अर्ज १० ते १७ नोव्हेंबर, छाननी १८ ला, माघार २१ पर्यंत, चिन्हवाटप २६ नोव्हेंबरला आणि मतदान २ डिसेंबरला. प्रचार १ तारखेला रात्री दहाला थांबला. कमळ, पंजा, घड्याळ लोकांच्या डोळ्यांत वर्षानुवर्षं बसलेलं असतं. तुमची कपबशी नाहीतर शिट्टी बसवायला सहा दिवस मिळतात. म्हणून चिन्ह सोडून बाकी सगळं त्याआधीच उरकलेलं असलं पाहिजे.

खालचा हिशेब सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा, कुर्डुवाडी, सांगोला अशा छोट्या गावांचा आहे. बार्शीसारख्या मोठ्या गावात आकडे वाढवून घ्या, रीत तीच.

यादी आधी, फ्लेक्स नंतर

प्रभागाची प्रारूप (कच्ची) मतदार यादी लागली की त्याच दिवशी प्रत मिळवा. विधानसभेची यादी फोडून प्रभागाच्या याद्या करतात. त्यात एका गल्लीचा अर्धा भाग शेजारच्या प्रभागात जाणं नेहमीचंच. हरकतीची मुदत थोड्या दिवसांची असते. ती गेली की हक्काची चाळीस मतं पलीकडच्या प्रभागात गेलेली नुसती बघत बसावं लागतं.

यादी घेऊन पायी फिरा. प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने खूण करा : इथेच राहतो, पुण्याला असतो, लग्न होऊन गेली, वारले. ज्यांच्या नावापुढे दोन तारे छापलेत ती दुबार असण्याची शक्यता असलेली नावं, ती वेगळी काढा. नोव्हेंबर-डिसेंबरात ऊसतोडीला गेलेली माणसंही वेगळी लिहा. यादीत २,४०० नावं असली तर हातात नेमकी किती उरतात, ते या फेरीतच कळतं.

आता गणित. २,४०० पैकी १,६५० जणांनी मतदान केलं आणि लढत तिरंगी-चौरंगी झाली, तर सहाशे-साडेसहाशे मतांत काम होतं. फिरायचं मात्र सगळ्या २,४०० नावांकडे : चार मतांचं एक घर धरलं तर सहाशे घरं. रोज संध्याकाळी चाळीस घरं केली तर पहिली फेरी पंधरा दिवसांत संपते. एवढ्या आकड्यांत सभा घेण्याची गरजच नसते, आणि सभेला येणारे निम्मे लोक दुसऱ्याच प्रभागातले असतात.

अर्ज : इथे बाद होणारे मताने हरत नाहीत, सहीने हरतात

वय २१ पूर्ण आणि नगरपरिषदेच्या यादीत नाव हवं. तुम्ही त्याच गावात दुसऱ्या प्रभागाचे मतदार असलात तरी चालतं. सूचक (अर्जावर तुमचं नाव सुचवून सही करणारा) मात्र ज्या प्रभागातून उभं राहायचं त्याच प्रभागाचा लागतो. पक्षाच्या उमेदवाराचं एका सूचकावर भागतं, अपक्षाचं नाही. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या सूचनेत जो आकडा असेल त्याहून दोन-तीन माणसं जास्त तयार ठेवा. ऐनवेळी एखाद्या सूचकाचा फोन लागत नाही. का लागत नाही ते गावाला माहीत असतं.

अर्ज साधारणपणे राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भरायचा, छापील प्रत काढायची, प्रत्येक पानावर सही करायची आणि ती निर्णय अधिकाऱ्याकडे हाताने द्यायची. नुसतं ऑनलाइन भरून थांबलात तर अर्ज दाखलच होत नाही. सोबत मालमत्ता आणि गुन्ह्यांविषयीचं शपथपत्र, अपत्यांचं आणि शौचालय वापराचं प्रमाणपत्र किंवा घोषणापत्र, अनामत भरल्याची पावती. राखीव जागा असेल तर जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र. वैधता हातात नसेल तर पडताळणीसाठी अर्ज केल्याचा पुरावा आणि मुदतीत प्रमाणपत्र देण्याचं हमीपत्र. घरपट्टी-पाणीपट्टी भरून थकबाकी नसल्याचा दाखला घेऊन ठेवा. छाननीच्या टेबलावर समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. निवडणुकीच्या खर्चासाठी बँकेत स्वतंत्र खातं आधीच उघडा.

२०२५ ला सोलापूर जिल्ह्यातल्याच एका नगरपंचायतीत नगराध्यक्षपदाचा अर्ज सूचकाची सही नसल्यामुळे छाननीत बाद झाला. एकच चौकट रिकामी होती. म्हणून अर्ज शेवटच्या दिवशी नको. दोन दिवस आधी द्या, देण्यापूर्वी तिऱ्हाईत माणसाकडून वाचून घ्या. आपण भरलेल्या अर्जातली चूक आपल्याला दिसत नाही.

माघारीचा दिवस

छाननीत टिकलात की तुम्हाला बसवायला, म्हणजे माघार घ्यायला लावायला, माणसं येतात. आधी नात्यातलं कोणी, मग भावकीतलं वजनदार माणूस, मग पुढच्या वेळचं तिकीट किंवा स्वीकृत सदस्यपदाचा शब्द. बसायचं नसेल तर घरच्यांना आधीच विश्वासात घ्या, कारण दबाव तुमच्यावर कमी, घरावर जास्त येतो. दुपारी तीन वाजता मुदत संपेपर्यंत चार माणसांत, उजेडात राहा. त्या दिवशी तुमचा फोन बंद दिसला की ‘बसला’ अशी हवा गावभर होते, आणि ती पुसायला सहातले दोन दिवस जातात.

चिन्ह निवडताना

मुक्त चिन्हांच्या यादीतून पसंतीक्रम द्यायचा असतो. एकच चिन्ह दोघांनी मागितलं तर चिठ्ठी पडते. तीन कसोट्या लावा. एका शब्दात सांगता येतं का? अंगठ्याएवढ्या काळ्या चित्रात ओळखू येतं का? दुसऱ्या चिन्हासारखं दिसतं का? २०२४ च्या लोकसभेला माढ्यात तुतारी वाजवणारा माणूस आणि पिपाणी यांचा घोळ सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. घरात रोज हाताळली जाणारी वस्तू बरी. कपबशी म्हटलं की आजीबाईलाही वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पत्रकाचा मजकूर, फोटो, मांडणी छापखान्यात तयार ठेवा आणि चिन्हाची जागा मोकळी सोडा. चिन्ह मिळालं की त्याच रात्री छपाई. सहाशे घरांना पंधराशे पत्रकं पुष्कळ झाली. पाच हजार छापली की उरलेली गटारीत दिसतात. पत्रकावर मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या नसेल तर आचारसंहितेची तक्रार ठरलेली. अक्कलकोट, मैंदर्गी, दुधनी भागात पत्रकाची एक बाजू कन्नडमध्ये छापा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी कन्नडमध्ये बोलणारा एक जण सोबत घ्या.

तीन बटणं : खरा प्रचार इथे आहे

नगरपरिषदेत बहुतेक प्रभाग दोन जागांचे असतात, अ आणि ब. शिवाय थेट नगराध्यक्ष. म्हणजे एका मतदाराची तीन मतं. (नगरपंचायतीत प्रभागाला एकच जागा, तिथे दोन मतं.) पक्षवाले ‘वरून खालपर्यंत एकच चिन्ह दाबा’ एवढंच सांगतात. तुम्हाला तसं सांगता येत नाही. पण पक्षवाल्यांच्या घरात शिरायची वाटही तुम्हालाच मोकळी आहे :

“काका, नगराध्यक्ष तुमच्या मनातला करा, अ चं मतही तुमचं तुम्ही बघा. ब मध्ये तेवढी कपबशी.”

एवढं बोलून थांबायचं. पक्ष सोडा असं म्हणालात की काका आखडतात. तीनपैकी एक मागितलं की बहुतेकदा ‘बघू’ म्हणतात. ‘बघू’ला होकार धरू नका, यादीत प्रश्नचिन्ह करा आणि दुसऱ्या फेरीत त्या घरी परत जा.

मतपत्रिकेवर मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार वर येतात, अपक्ष खाली, शेवटच्या नोटाच्या जवळ. त्यामुळे आपला अनुक्रमांक पाठ करून घ्या आणि घरात तीन गोष्टी याच क्रमाने सांगा : जागा, नंबर, चिन्ह. “ब, सात नंबर, कपबशी.” दाखवायला पुठ्ठ्याचं नमुना यंत्र करा, पण ते खऱ्या मतपत्रिकेसारखं नको आणि त्यावर दुसऱ्या उमेदवारांची नावं नकोत. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगा : सगळ्या जागांची मतं दिल्याशिवाय यंत्राचा शेवटचा लांब आवाज येत नाही. पहिलं बटण दाबून लोक बाहेर पडायला लागतात, केंद्राधिकारी हाक मारतो, माणूस गडबडतो आणि पुढे हाताला येईल ते दाबतो. ब जागेचा अपक्ष इथेच मार खातो. या निवडणुकीत व्हीव्हीपॅटही नसतं, चिठ्ठी पाहून खात्री करायची सोय नाही.

खर्च आणि बूथ

२०२५ ला सदस्यपदासाठी खर्चमर्यादा अ वर्गाच्या नगरपरिषदेत ५ लाख, ब वर्गाच्या साडेतीन लाख, क वर्गाच्या अडीच लाख होती. खर्च रोजच्या रोज लिहा. चहाचंही बिल घ्या. चहा, खुर्ची, रिक्षा यांचे दर प्रशासनाने ठरवलेले असतात आणि तुम्ही कमी लावले तरी हिशेब त्याच दराने होतो. भोंग्याची रिक्षा एकच पुरे, परवान्याची प्रत चालकाच्या खिशात असू द्या.

मतदार चिठ्ठ्या शेवटच्या दोन दिवसांत घरी पोचवा. मतदान साडेसातला सुरू होतं; त्याआधी होणाऱ्या अभिरूप मतदानाला (यंत्र तपासायच्या चाचणीला) तुमचा प्रतिनिधी हजर हवा आणि त्याने तुमचं बटण दाबून तुमच्याच खात्यात मत पडतंय ना ते बघावं. बाहेर यादी घेऊन बसणारा माणूस गल्लीतल्या सगळ्यांना तोंडाने ओळखणारा हवा. दुपारी एकला झालेली नावं खोडून उरलेल्यांची यादी करा आणि त्या घरांकडे माणूस पाठवा. पुण्याहून येणाऱ्यांना आदल्या रात्रीच फोन करून निघाले का ते विचारा. सकाळी विचारून ते साडेपाचच्या आत पोचत नाहीत.

निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, पडलेल्यालाही. तो राहिला तर आयोग अपात्र ठरवू शकतो आणि पुढच्या वेळी अर्ज भरायची वाटच बंद होते. हिशेब दिल्याची पोच घ्या आणि अनामतीच्या पावतीसोबत जपून ठेवा.