फ्रेंच इतिहासातली सारख्या नावांची माणसं : या चुका टाळा

सादी कार्नो हे नाव लिहिलंत आणि शेजारी फोटो लावायचा असेल, तर आधी सालं तपासा. थर्मोडायनॅमिक्सचा, म्हणजे उष्णता आणि ऊर्जेच्या शास्त्राचा, पाया घालणारा सादी कार्नो 1832 मध्ये कॉलऱ्याने गेला, वयाच्या 36व्या वर्षी. फोटोग्राफीची डागेरोटाइप पद्धत जगासमोर आली 1839 मध्ये. म्हणजे या माणसाचा फोटो असणं शक्यच नाही. भरघोस काळ्या दाढीचे, छातीवर आडवा पट्टा घातलेले जे गृहस्थ ‘कार्नो सायकल’च्या (शास्त्रज्ञाने मांडलेल्या आदर्श उष्णता-इंजिनाच्या चक्राच्या) लेखाशेजारी येऊन बसतात, ते फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो. शास्त्रज्ञाचे पुतणे. शास्त्रज्ञाचं प्रसिद्ध चित्र बोयी या चित्रकाराने 1813 मध्ये काढलेलं आहे. त्यात मिसरूडही न फुटलेला, एकोल पॉलिटेक्निक या नामवंत फ्रेंच इंजिनिअरिंग संस्थेच्या गणवेशातला पोरगा दिसतो.

इथे नुसतं ‘सादी कार्नो, इंजिनिअर’ लिहून भागत नाही, कारण काका-पुतणे दोघेही एकोल पॉलिटेक्निकचे आणि दोघेही इंजिनिअर. खरा फरक कामात आणि काळात आहे. काकांनी 1824 मध्ये उष्णतेपासून मिळणाऱ्या शक्तीवर छोटंसं पुस्तक लिहिलं. पुतण्याचा जन्मच 1837 चा, काका गेल्यानंतर पाच वर्षांनी. तो 1887 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला आणि जून 1894 मध्ये लियों शहरात काझेरिओ नावाच्या इटालियन अराजकवाद्याने त्याला भोसकून मारलं. ‘कार्नो सायकलच्या जनकाची हत्या’ हे वाक्य कुठे दिसलं तर ते का लिहिलं गेलं, हे आता कळेल.

बरं, घोळ दोघांवर थांबत नाही. शास्त्रज्ञाचे वडील लाझार कार्नो हे क्रांतिकाळात सैन्य उभं करणारे आणि गणितीही. फारसी कवी सादी त्यांचा आवडता, म्हणून थोरल्या मुलाचं नाव सादी. धाकटा मुलगा इपोलित, तो राष्ट्राध्यक्षाचा बाप. इपोलितचा दुसरा मुलगा आदोल्फ रसायनशास्त्रज्ञ झाला, आणि कार्नोटाइट या युरेनियमच्या खनिजाला नाव मिळालं ते त्याचं. ते थर्मोडायनॅमिक्सवाल्याच्या नावावर खपवू नका.

ड्यूमा : चार जणांचा गुंता

आपण बाजीराव म्हटलं की थोरले की दुसरे हे सांगतो. फ्रेंच लोक अलेक्झांडर ड्यूमांच्या बाबतीत तेच करतात. नावापुढे ‘पेर’ म्हणजे बाप, ‘फिस’ म्हणजे मुलगा. मराठीत लिहिताना ही शेपटी हमखास गळते.

थोरले ड्यूमा (1802–1870) म्हणजे ‘थ्री मस्केटिअर्स’ आणि ‘काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’वाले. धाकटे (1824–1895) म्हणजे ‘ला दाम ओ कामेलिया’वाले, ज्यावरून व्हेर्दीने ‘ला त्राविआता’ हा ऑपेरा केला. दोघांनी कादंबऱ्याही लिहिल्या आणि नाटकंही, त्यामुळे ‘नाटककार ड्यूमा’ असं लिहून काहीच कळत नाही. खात्रीची एक खूण : फ्रेंच अकादमीचे, म्हणजे फ्रेंच भाषा-साहित्याच्या मानाच्या संस्थेचे, सदस्य झाले ते धाकटे. थोरल्यांना ते कधी जमलं नाही. त्यांचा सन्मान झाला 2002 मध्ये, अस्थी पँथिऑनमध्ये, म्हणजे पॅरिसमधल्या थोरांच्या समाधिस्थळी, नेल्या तेव्हा.

पण अकादमीची खूण वापरतानाही जपून. धाकट्यांनंतर लगेच, 1875 मध्ये, अकादमीवर आणखी एक ड्यूमा निवडून आला : जाँ-बातिस्त ड्यूमा, रसायनशास्त्रज्ञ, या घराण्याशी संबंध नसलेला. अकरावीच्या केमिस्ट्रीत नायट्रोजनचं प्रमाण काढायची ‘ड्यूमास मेथड’ रटली असेल, तर ती याची. कादंबरीकारांचे वडील, सेंट-डोमिंग्यू म्हणजे आजच्या हैतीत गुलाम आईच्या पोटी जन्मलेले जनरल ड्यूमा, हे चौथे. तेही अलेक्झांडर नावानेच वावरत. ‘अलेक्झांडर ड्यूमा नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला’ हे वाक्य बरोबर आहे, फक्त तो लेखक नव्हे, लेखकाचा बाप.

दोन मार्गरेट, दोघीही नाव्हारच्या राण्या

ही चूक जाणकारही करतात. नाव्हार हे फ्रान्स-स्पेन सीमेवरचं छोटं राज्य. पहिली मार्गरेट (1492–1549) फ्रान्सचा राजा फ्रान्स्वा पहिला याची बहीण, ‘हेप्तामेरॉन’ या कथासंग्रहाची लेखिका. दुसरी (1553–1615) म्हणजे ‘राणी मार्गो’, जिच्या 1572 च्या लग्नानंतर काही दिवसांतच पॅरिसमध्ये प्रोटेस्टंटांची कत्तल झाली. नातं लक्षात ठेवलं तर घोळ होत नाही : पहिली ही दुसरीच्या वडिलांची आत्या आणि तिच्या नवऱ्याची आजी, म्हणजे माहेरूनही नात्यातली आणि सासरची आजेसासू. फ्रान्स्वाच्या मुलीचं नावही मार्गरेटच होतं, ती सॅव्हॉयची डचेस. ‘हेप्तामेरॉन’ची लेखिका हवी असेल तर सोळाव्या शतकाचा पूर्वार्ध धरा.

बाकी भराभर. पॅरिसचे रुंद रस्ते ओस्मान या प्रशासकाकडून करवून घेणारा नेपोलियन तिसरा, वॉटर्लूवाल्याचा पुतण्या. चौदाव्या लुईच्या दरबाराच्या आठवणी लिहिणारा सेंट-सीमॉन ड्यूक होता, समाजवादाचा पूर्वसुरी सेंट-सीमॉन काउंट, आणि हा काउंट जन्मला तो ड्यूक वारल्यावर पाच वर्षांनी. गणिती पॉइंकारे आंरी, राष्ट्राध्यक्ष पॉइंकारे रेमाँ, दोघे चुलतभाऊ.

मराठ्यांच्या इतिहासात शोधणाऱ्यांसाठी

इब्राहिमखान गारदी ज्याच्या कवायती फौजेत घडला, तो फ्रेंच सेनानी बुसी फ्रेंच कागदांत शोधताना नुसतं ‘बुसी’ टाकलंत तर समोर येतो सतराव्या शतकातला रोजे द राब्युतँ, बुसीचा काउंट, दरबारातल्या लफड्यांवर लिहिणारा. त्याच्याही आधीचा बुसी द’आंब्वाज वेगळाच, द्वंद्वयुद्धांसाठी गाजलेला. निजामाच्या बाजूने 1751 मध्ये पेशव्यांशी लढलेला आपला बुसी म्हणजे मार्क्वी द बुसी-कास्तेलनो, मृत्यू पाँडिचेरीत 1785. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये व्यक्तीच्या नावापुढे जन्म-मृत्यूची सालं दिलेली असतात. शोधताना ‘कास्तेलनो’ जोडा आणि निकालात 1785 दिसतंय का ते बघा.