पाळी चुकून पंधरा दिवस होतात, तोवर बाळाची मज्जानलिका मिटलेली असते: गरोदरपणाआधी आणि सुरुवातीला या चुका टाळा

खान्देशात गरोदर बाईची काळजी घेतली जात नाही, असं कुणी म्हणू नये. ओटीभरण होतं, डोहाळे पुरवले जातात, सातव्यात माहेरी न्यायचं की नवव्यात यावर दोन्ही घरांचे फोन चालू असतात. पण ही सगळी काळजी पोट दिसायला लागल्यावरची. बाळाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया घातला जातो तो गर्भ राहिल्यापासूनच्या पहिल्या 28 दिवसांत. तेव्हा उलट्या सुरू झालेल्या नसतात, कित्येकींना पाळी पुढे गेल्याचंही नीट लक्षात आलेलं नसतं. दवाखान्यात ज्या चुका मला पुन्हा पुन्हा दिसतात, त्यातल्या बहुतेक याच एका गोष्टीमुळे होतात. म्हणून आधी ते 28 दिवस समजून घेऊ.

त्या 28 दिवसांत काय घडतं

गर्भ राहून अडीच आठवडे झाले की गर्भ म्हणजे तीन थरांची चपटी चकती असते, जेमतेम दीड मिलिमीटर लांब. तिच्या मधोमध पृष्ठरज्जू नावाची बारीक दोरी तयार होते. ही दोरी पुढे मज्जारज्जू होत नाही. तिचं काम वरच्या थराला रासायनिक संकेत देण्याचं. तो संकेत मिळाला की 18व्या दिवसाच्या सुमारास वरचा थर मधल्या पट्ट्यात जाड होतो, त्याच्या दोन्ही कडा उचलल्या जातात आणि मध्ये पन्हळ पडते. केळीच्या पोंग्यातून गुंडाळलेलं पान उलगडत जातं ते आपण रोज पाहतो. इथे बरोबर उलट घडतं, सपाट पट्टा गुंडाळला जाऊन त्याची नळी होते. 22व्या दिवसाच्या सुमारास दोन्ही कडा मानेच्या भागात पहिल्यांदा एकमेकींना भिडतात आणि तिथून हे मिटणं वर डोक्याकडे आणि खाली कमरेकडे सरकत जातं. डोक्याकडचं तोंड साधारण 25व्या दिवशी बंद होतं, कमरेकडचं 27व्या-28व्या दिवशी. हीच मज्जानलिका. तिच्या वरच्या भागाचा मेंदू होतो, खालच्या भागाचा मज्जारज्जू.

डोक्याकडचं तोंड उघडं राहिलं तर कवटी आणि मेंदूचा मोठा भाग तयारच होत नाही. असं बाळ जगत नाही. कमरेकडे उघडं राहिलं तर पाठीवर फोड किंवा उघडी जखम दिसते, आत मज्जारज्जू उघडा असतो आणि गर्भजलात महिनोन् महिने राहून त्याला आणखी इजा होते. मग पायांची ताकद, लघवी-संडासवरचा ताबा, कमरेखालची संवेदना यांपैकी काय किती जाईल, ते नळी किती वर उघडी राहिली यावर ठरतं.

नळी मिटताना तिच्या कडेवरच्या काही पेशी सुट्या होऊन शरीरभर पांगतात. पाठीच्या कण्याशेजारच्या संवेदनेच्या गाठी, आतड्यांतलं चेतापेशींचं जाळं, इतकंच काय, त्वचेला रंग देणाऱ्या पेशीसुद्धा यांच्यापासूनच होतात. नळीच्या आतही वाटणी होते. पोटाकडच्या अर्ध्या भागात हालचालीच्या चेतापेशी तयार होतात, पाठीकडच्या अर्ध्या भागात संवेदनेच्या. हे सगळं इतकं लवकर आणि इतक्या नेमकेपणानं घडतं की ते वाचताना मला आजही नवल वाटतं.

महिन्यांच्या हिशेबात होणारी गफलत

डॉक्टर गरोदरपणाचे आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. गर्भ राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे वर सांगितलेला 28वा दिवस डॉक्टरच्या हिशेबात सहावा आठवडा संपल्याचा दिवस. पाळी दर 28 दिवसांनी येत असेल तर ती चुकून तेव्हा फक्त दोन आठवडे झालेले असतात.

आता नेहमीचं चित्र बघा. सासूबाई सुनेला घेऊन येतात आणि खुर्चीत टेकता टेकता सांगतात, "डॉक्टरबाई, तिले दुसरा महिना लागना, आते गोया चालू करा." शेवटच्या पाळीची तारीख विचारली की दोघी एकमेकींकडे बघतात. मग सून हळूच म्हणते, "सारंगखेड्याची यात्रा झाली ना, तिच्या आठेक दिवस आधी." मी भिंतीवरची दिनदर्शिका मागे उलटते, ही यात्रा सुरू होते त्या दत्तजयंतीवर बोट ठेवते, तिथून आठ दिवस मागे जाते आणि पुढे मोजते. सव्वासात आठवडे. नळी मिटून आठवडा उलटलेला.

म्हणून पाळीची तारीख लिहून ठेवा. मोबाइलमध्ये, कॅलेंडरवर, कुठेही. सण-यात्रेवरून काढलेली तारीख आठ-दहा दिवसांनी सहज चुकते आणि सोनोग्राफीपासून रक्ततपासणीपर्यंत पुढचं सगळं त्या तारखेवर उभं असतं.

फॉलिक ॲसिडची गोळी 'दिवस गेल्यावर' सुरू करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नळी मिटताना पेशी अतिशय वेगानं वाढत असतात आणि त्यांना डीएनए बनवायला फोलेट लागतं; गोळीतलं फॉलिक ॲसिड हे त्याचंच रूप. ते आईच्या रक्तात आधीपासून पुरेसं असायला हवं, आणि गोळी घेतल्या दिवशी ती पातळी भरत नाही. म्हणून रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी गर्भ राहण्याच्या निदान एक महिना आधीपासून, जमलं तर दोन-तीन महिने आधीपासून घ्यायची आणि 12 आठवडे पूर्ण होईपर्यंत चालू ठेवायची.

आपल्याकडे उन्हाळ्यात लग्नं होतात आणि वर्षभरात 'काही गोड बातमी?' हा प्रश्न सुरू होतो. माझं सरळ मत आहे की ज्या घरात हा प्रश्न विचारला जातो त्या घरात गोळीची पाकिटं आधी यायला हवीत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आली की आईनं तिच्या हातात बांगड्यांबरोबर ही पाकिटंही द्यावीत. लाजण्यासारखं त्यात काहीच नाही.

या जीवनसत्त्वाच्या शोधाची सुरुवात आपल्याच राज्यात झाली. ल्युसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर 1928 मध्ये मुंबईत आल्या आणि कापड गिरणीतल्या गरोदर कामगार बायकांच्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्कानं तो बरा होतो हे त्यांना दिसलं. त्या अर्कात काम करणारा घटक म्हणजे फोलेट. पुढे 1991 मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत सिद्ध झालं की ज्यांच्या आधीच्या बाळाला मज्जानलिकेचा दोष होता, म्हणजे नळी नीट मिटली नव्हती, त्यांनी गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं तर तो पुन्हा होण्याचा धोका सुमारे 72 टक्क्यांनी कमी होतो.

उशीर झालाच असेल तर घाबरून जाऊ नका. गोळी न घेतलेल्या बहुसंख्य बायकांची बाळंसुद्धा निरोगी जन्मतात. गोळी आजच सुरू करा, कारण फोलेट आईच्या रक्तासाठी पुढेही लागतंच. आणि खाली सांगितलेल्या दोन सोनोग्राफ्या चुकवू नका.

चुकीची गोळी, चुकीची मात्रा

सरकारी दवाखान्यातली लाल गोळी लोह आणि फॉलिक ॲसिडची असते. ती चौथ्या महिन्यापासून पुढची. पहिल्या तीन महिन्यांत नुसती फॉलिक ॲसिडची गोळी घ्यायची. शेजारणीची उरलेली लाल गोळी दुसऱ्या महिन्यात घेतली की मळमळ वाढते आणि मग बाई सगळ्याच गोळ्या बंद करून टाकते.

मेडिकलवर नुसतं 'फॉलिक द्या' म्हटलं तर बहुधा 5 मिलिग्रॅमची गोळी हातात पडते, म्हणजे 400 मायक्रोग्रॅमच्या साडेबारा पट. पाकिटावरचा आकडा वाचा. ही मोठी मात्रा जास्त धोका असणाऱ्यांसाठी आहे आणि ती डॉक्टरांनी ठरवायची. आपल्याकडे माळकरी, शुद्ध शाकाहारी घरं भरपूर आहेत, त्यामुळे बी12 ची कमतरताही खूप दिसते. फॉलिक ॲसिडच्या मोठ्या मात्रेनं रक्त सुधारल्यासारखं वाटतं, पण बी12 अभावी नसांचं होणारं नुकसान आत चालूच राहतं. बी12 कमी असणं मज्जानलिकेलाही बाधक आहे. तेव्हा शाकाहारी असाल तर बाळाचा विचार सुरू केल्याबरोबर बी12 तपासून घ्या.

'आम्ही घरचं सकस खातो, गोळी कशाला?'

कळण्याची भाकरी, मेथी, चवळी, शेंगदाण्याचं कूट, हे सगळं फोलेटसाठी उत्तमच आहे. कळण्यात ज्वारीबरोबर उडीद असतो आणि उडदात फोलेट भरपूर. जरूर खा. पण फोलेट पाण्यात विरघळतं आणि उष्णतेनं नष्ट होतं. भाजी चिरून मग धुतली, उकळून पाणी ओतून दिलं की बरंचसं गेलं. शिवाय अन्नातलं फोलेट गोळीतल्यापेक्षा कमी शोषलं जातं. रेशनच्या फोर्टिफाइड तांदळावरही विसंबू नका. किलोमागे त्यात 75 ते 125 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घालायचं असतं, म्हणजे दिवसाला पाव किलो तांदूळ खाल्ला तरी फार तर तीसेक मायक्रोग्रॅम मिळतात.

ज्यांनी आधीच डॉक्टर गाठायला हवा

आधीच्या बाळाला मज्जानलिकेचा दोष होता, तर पुढच्या वेळी तो होण्याची शक्यता शंभरात साधारण दोन ते पाच असते, आणि गोळीची मात्रा 4 ते 5 मिलिग्रॅम लागते. मधुमेह असेल तर गर्भ राहण्याआधी साखर ताब्यात हवी. तिसऱ्या महिन्यात ताब्यात आणलेली साखर या दोषापुरती उशिराचीच. फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर शंभरात एक-दोन बाळांना पाठीचा दोष होतो. इथे मी कळकळीनं सांगते, हे वाचून गोळी स्वतःहून बंद करू नका. अचानक बंद केल्यानं येणारी फिट आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकते. गर्भ राहण्याआधीच न्यूरॉलॉजिस्टकडून औषध बदलता येतं का ते बघा. सातपुड्याच्या पट्ट्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. त्या बायकांची फॉलिक ॲसिडची मात्रा वेगळी असते आणि लोह तपासणीशिवाय द्यायचं नसतं.

सोनोग्राफी भलत्याच वेळी

'ठोके आले' हे सहाव्या-सातव्या आठवड्यात कळतं आणि पुष्कळ घरं तिथेच निश्चिंत होतात. कवटी तयार झाली की नाही हे 11 ते 14 आठवड्यांच्या सोनोग्राफीत दिसतं. पाठीचा कणा नीट पाहायचा तो 18 ते 20 आठवड्यांत. पाठीवरची फट फार लहान असेल तर डॉक्टर आधी बाळाचं डोकं बघतात. मज्जारज्जू खाली उघडा असला की लहान मेंदू मागे-खाली ओढला जाऊन वाकडा दिसतो. जगभरचे सोनोग्राफीवाले याला 'केळ्याची खूण' म्हणतात. 1986 मध्ये तिचं पहिलं वर्णन झालं. जळगावकरांना हे नाव विसरणं अवघड जाईल.

दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या बायकांची ही दुसरी सोनोग्राफी हमखास राहते. माता-बाल संरक्षण कार्ड आणि गोळ्या सोबत न्या, 18 ते 20 आठवड्यांच्या तारखा आशाताईंकडून कार्डावर लिहून घ्या आणि तिथल्या सरकारी दवाखान्यात दाखवा.

उशिरा तपासणीचा दुसरा तोटा कायद्याच्या बाजूनं. 2021 च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर व्यंग असेल तर 24 आठवड्यांनंतरही गर्भपाताची परवानगी मिळू शकते, पण त्यासाठी वैद्यकीय मंडळापुढे जावं लागतं. वेळेत कळलं तर घराला विचार करायला, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला दिवस मिळतात.

ग्रहण आणि सुनेवरचा ठपका

ग्रहणात विळी हातात घेतली म्हणून बाळाची पाठ फाटली, असं मी ऐकलं आहे, तेही बाळाच्या आईसमोर, ती ओली बाळंतीण असताना. पाठ फाटत नाही. ती मुळात मिटलेली नसते आणि ते ठरतं पहिल्या महिन्यातच. यात जनुकांचा वाटा असतो, फोलेटचा असतो, काही वेळा औषधांचा आणि साखरेचा. वेळेवर गोळी घेऊनही काही बाळांना हा दोष होतो. आईला दोष देऊन तिचं दूध, झोप आणि पुढच्या खेपेची हिंमत जाते, बाकी काही साधत नाही.

बाळ जन्मल्यावर

पाठीवर फोड किंवा उघडी जखम घेऊन बाळ जन्मलं तर तिच्यावर हळद, तूप, राख काहीही लावू नका. निर्जंतुक सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजनं ती झाकायची, वरून स्वच्छ प्लास्टिक, आणि बाळाला कुशीवर किंवा पालथं ठेवून न्यायचं. न्यूरोसर्जन किंवा बालशल्यचिकित्सक असलेलं रुग्णालय त्याच दिवशी गाठा. शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या दोन-तीन दिवसांत व्हायला हवी, कारण उशीर झाला की मेंदूपर्यंत जंतुसंसर्ग पोचतो. मज्जानलिकेचा दोष राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत आहे, तेव्हा जिल्हा रुग्णालयात त्या कार्यक्रमाची चौकशी आवर्जून करा. पुढे डोक्याचा घेर दर आठवड्याला मोजा. तो झपाट्यानं वाढत असेल तर डोक्यात पाणी साचतं आहे.

काही बाळांची पाठ बंद असते, पण कमरेवर केसांचा झुपका, चरबीची मऊ गाठ किंवा माकडहाडाच्या बऱ्याच वर खोल खळगा असतो. 'देवाची खूण' म्हणून हे सोडून देऊ नका. गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात बाळाचा मज्जारज्जू कण्याच्या पूर्ण लांबीइतका असतो. नंतर हाडं भराभर वाढतात आणि त्याचं टोक तुलनेनं वर सरकतं, जन्मावेळी कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी, मोठेपणी पहिल्या-दुसऱ्यापाशी. खाली तो चिकटलेला असेल तर मूल उंच होईल तसा ताणला जातो. पाच-सहा वर्षांचं मूल पुन्हा चड्डीत लघवी करू लागलं, एक पाय बारीक राहिला, पाऊल वाकडं पडू लागलं किंवा चालताना ते वारंवार अडखळू लागलं, आणि कमरेवर अशी खूण असेल, तर एमआरआय करून घ्या. चिकटलेला रज्जू शस्त्रक्रियेनं सोडवता येतो, पण गेलेली ताकद प्रत्येक वेळी परत येत नाही, म्हणून पहिलं लक्षण दिसताच दाखवा.