अल्टरनेटरला चुंबक बसवताना ध्रुव चुकू नयेत म्हणून

गाडीचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) पाण्यावर चालणाऱ्या छोट्या जनित्रासाठी वापरायला त्यात कायम चुंबक बसवताना खरा घोळ होतो तो ध्रुवांचा. एक जरी चुंबक उलटा चिकटला तरी वीज घटते.

1. सगळे निओडिमियम चुंबक एकावर एक रचा. वरून एकेक सरकवत काढा आणि निघेल त्याच्या वरच्या अंगाला लगेच मार्करचा ठिपका द्या.
2. रोटरवर (अल्टरनेटरच्या फिरणाऱ्या भागावर) एकाचा ठिपका बाहेर, पुढच्याचा आत, असे आळीपाळीने इपॉक्सीने बसवा.
3. इपॉक्सी ओली असतानाच जादा चुंबक हातात घट्ट धरून थोड्या अंतरावरून फिरवा. ओढ, ढकल, ओढ, ढकल असंच जाणवायला हवं.

जुना रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) काढा, डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) राहू द्या.

जनित्राला जोडलेली बॅटरी सोडवण्याआधी पाणी बंद कराच! चालत्या जनित्राचा भार सुटला की व्होल्टेज उसळतं आणि डायोड जातात.